बायो, ते दार झडतीचं होतं

बायो,

तुझ्या शोकसभेत चौघं बोलले आणि चौघांनीही तुला 'शांत स्वभावाची' म्हटलं. मी मागच्या खुर्चीवर होते, शेजारी तुझा भाऊ. मी त्याच्याकडं बघितलं, तर तो वर कौलं बघत बसला. शांत म्हणे! एक कौल नव्या घडणीचं बसवलं म्हणून भर उन्हात शिडीखाली उभी राहून त्या कौलवाल्याचा उद्धार करणारी बाई शांत? मला उठून सांगावंसं वाटलं, अहो, तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या सभेला आलाय. पण नणंदेच्या शोकसभेतही भांडले असते तर वाडीनं वर्षभर नावं ठेवली असती.

सभा संपल्यावर जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेची रेवती आली. ती चष्मेवाली आर्किटेक्ट, जिला तू कायम 'पोरी' म्हणायचीस. "काकू, आत्यांबद्दल चार ओळी लिहून द्या ना. दाराजवळ फलक लावू. गिरणवाडी ज्यांनी जपली, असं काहीतरी." मी हो म्हटलं. घरी येऊन कितीदा लिहायला बसले आणि दरवेळी डोकंच तापलं. जे खरं ते तू लिहू दिलं नसतंस, आणि जे तू लिहू दिलं असतंस ते खरं नाही. मग फलकावर लिहू काय, डोंबल? माझं भांडण तुझ्याशी आहे, तर तुलाच लिहिते.

आणि लिहितेय तर पहिल्यापासून लिहिते. नाहीतर म्हणशील, सुमनला कुठलीच गोष्ट धड सांगता येत नाही.

निडी स्टेशनावरून रोह्याकडं निघालं की शेतांच्या पलीकडं विटांचं एक धुराडं दिसतं. त्याच्या पायाशी आपली वाडी. आधी पोह्यांची गिरणी आली, मग तिच्यासाठी माणसं आली. उधाणाचं पाणी आत शिरू नये म्हणून मालकानं काळ्या दगडाचं पुरुषभर जोतं बांधलं. वर सागाचे खांब, कौलारू छप्पर, आणि भट्टीची वाफ निघून जावी म्हणून छपराचा मधला भाग हातभर उचललेला. गिरणीच्या मागं खळं, खळ्याला पाठ लावून कामगारांची चाळ. एका रांगेत खोल्या, पुढं सगळ्यांचा मिळून एक लांब ओटा. त्या ओट्यावर बाळंतिणी शेकल्या, लग्नं ठरली, भांडणं झाली. पेणच्या बाजारात आपल्या पोह्यांची पोती उतरायची तेव्हा गिऱ्हाईक वासावर यायचं, असं आई सांगायची. आई म्हणजे तुझी आई, माझी सासू, हिराबाई.

मग गिरणी बंद पडली. इंजिन गंजलं, पट्टे उंदरांनी खाल्ले, धुराड्यावर पिंपळ उगवला. तू नागोठण्याच्या शाळेतनं रिटायर होऊन आमच्या शेजारच्या खोलीत राहायला आलीस, पदर खोचलास आणि सगळ्यांच्या नाकीनऊ आणलेस. मालकाच्या नातवांना गळ घातलीस, संस्था आणलीस, पिंपळ उपटायला लावलास, खांब वाचवलेस, पोहे चेपायचा घाणा पुन्हा फिरवलास. आता दर रविवारी पाहुण्यांना दाखवायला का होईना, भट्टी पेटते आणि पोहे निघतात. हे तू केलंस, कबूल. तू नसतीस तर इथं फार्महाऊसं झाली असती आणि आम्ही दुसऱ्यांच्या बागा झाडत बसलो असतो. हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तू आणखी डोक्यावर बसली असतीस.

पण जपलेल्या गावात राहायचं म्हणजे काय, हे एकदा तरी मला विचारायचंस! कौलं गळतात पण पत्रा टाकायचा नाही. फरशी उखडली पण लादी बसवायची नाही. रविवारी ओट्यावर साड्या वाळत घालायच्या नाहीत, फोटोत येतात. माझ्या साड्यांनी इतिहास बिघडतो! एकदा मी तांदूळ निवडत बसले होते, तर एक टोपीवाले गृहस्थ सरळ आत आले, मला बघून बायकोला म्हणाले, "बघ, अजून हातानं निवडतात." मी म्हटलं, "का, तुमच्याकडं पायानं निवडतात?" तू त्यांची माफी मागितलीस. माझी नाही मागितलीस.

आणि ती खिडकी. बाई गं, ती खिडकी!

चाळीच्या प्रत्येक स्वयंपाकघराला खळ्याच्या बाजूला एकेक खिडकी होती. होती म्हणायचं, कारण सगळ्या विटांनी बुजवलेल्या. काळ्या दगडाच्या भिंतीत लाल विटांचे चौकोन, रांगेनं. पाहुणे विचारायचे, ही नक्षी आहे का? आणि तू सांगायचीस, "भुसा उडून घरात येऊ नये म्हणून बंद केल्या." इतक्या सरळ चेहऱ्यानं सांगायचीस की मलासुद्धा क्षणभर खरं वाटायचं. इकडं मी भर दुपारी बल्ब लावून भाजी चिरतेय. आमचा नितीन कंपनीतनं रात्रपाळी करून यायचा आणि ताटावर बसला की म्हणायचा, "आये, गुहेत जेवतोय असं वाटतं." त्याच्या लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांनी स्वयंपाकघर बघितलं तेव्हा माझी मान खाली गेली.

तुझ्यामागं लागून लागून माझं तोंड दुखलं.

"बायो, माझी एक उघडू दे. एकच."

"संस्थेचा नियम हाय."

"नियम माणसांसाठी का विटांसाठी?"

"बंद खिडकी हाच इतिहास हाय, सुमने."

"मंग इतिहास खरा सांग की!"

इथवर आलं की तू चपला घालायचीस आणि गिरणीत निघून जायचीस. दरवेळी इथंच. मी मागं ओट्यावर एकटीच बडबडत राहायचे आणि तुझा भाऊ मला म्हणायचा, "जाऊ दे गो." तुझ्या घराण्यात एवढंच येतं सगळ्यांना, निघून जाणं आणि जाऊ दे म्हणणं.

खरा इतिहास मला आईनंच सांगितला होता. मी नवी नवरी, काळोखात चूल फुंकतेय, डोळ्यांतनं पाणी. आई शेजारी येऊन बसली आणि ही खिडकी कशी गेली ते सांगितलं. बाया खळ्यात, ह्याच भिंतीला टेकून पोहे पाखडायला बसायच्या. मुकादमाची पाठ फिरली की सुपातले गरम पोहे मूठभर वर खिडकीतनं आत. आत पोर वाडगं धरून उभं. घरोघरी चालायचं हे. मग एक दिवस आई पकडली गेली. लगोलग गवंडी आले आणि सगळ्यांच्या खिडक्या बुजवून गेले. मग बाया ओटीत लपवून न्यायला लागल्या, तर मालकानं खळ्याचं दारच अरुंद केलं. एका वेळी एकच बाई बाहेर पडेल एवढं. बाहेर मुकादम उभा. त्याच्यापुढं प्रत्येकीनं पदर झाडायचा, ओटी सोडून दाखवायची, मगच घरी. म्हाताऱ्या, पोटुशा, कोवळ्या पोरी, सगळ्यांनी. सुट्टीत कामाला जायचीस तेव्हा तूसुद्धा.

म्हणूनच तुझा हात तसा जायचा. मास्तरीण झालीस, हेडमास्तरीण झालीस, मुकादम मरून त्याची नातवंडं म्हातारी व्हायला आली, तरी त्या दारातनं बाहेर पडताना तुझा हात पदराला जायचा आणि एक झटका द्यायचा. तुला कळतही नसेल. मला दिसायचं. त्यावर मी कधी बोलले नाही.

पण एका पाहुण्या पोरीनं विचारलं! कोलाडला राफ्टिंगला आलेला एक घोळका परतताना आपल्याकडं वळला होता. त्यातल्या एकीनं तुला बघितलं आणि म्हणाली, "मावशी, हे काय केलंत?" मी तिथंच होते. मला वाटलं, आता तरी सांगशील. आणि तू काय सांगितलंस? "गिरणीचा दाणा गिरणीला. आमची जुनी पद्धत हाय." ती पोरगी हरखली. तिनं ओढणी झाडली. मग तिच्या मैत्रिणींनी झाडली. मग त्याचा व्हिडिओ झाला. मग पुढच्या रविवारपासून येणारा जाणारा त्या दारातनं बाहेर पडला की झाडतोय. बायका पदर, पुरुष शर्टाची टोकं, पोरं टोप्या. पुण्याच्या एक बाई डोळे मिटून झाडून आल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "किती कृतज्ञता आहे ना ह्या प्रथेत!" मी कपाळावर हात मारला. त्यांना वाटलं तीही प्रथाच आहे.

त्या दिवशी ओट्यावर आपलं जुंपलं ते अख्ख्या वाडीनं ऐकलं.

"झडती होती ती, बायो! बायकांच्या अंगाची झडती! आन तू तिची पूजा मांडलीस!"

"झडती म्हटलं का लोकांना वाईट वाटतं."

"वाटू दे की! वाईटच होतं ते!"

"आन आईला चोर म्हणू काय परक्यांपुढं?"

"चोर कोण म्हणतंय? दिवसभर राबून मूठभर पोहे पोटच्या पोराला दिले, त्याला चोरी म्हणतात?"

"तुला नाय कळायचं, सुमने."

तुझ्या भावानं बादली उचलली आणि विहिरीकडं गेला. घरातली सगळी भांडी भरलेली होती. त्या गणपतीत आपण एकमेकींशी चकार शब्द बोललो नाही. मोदक मात्र तू माझ्याकडनंच मागवलेस, भावाच्या हाती डबा पाठवून. आणि मीही मेली भरून दिले, वर तूप सोडून.

असंच होतं आपलं. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सून बाळंतपणाला माहेरी, तर तूच माझ्या चुलीपुढं उभी राहिलीस. एक दिवस आमटी इतकी खारट केलीस की कुत्र्यानं तोंड लावलं नसतं. म्हणालीस, "मीठ घातलेलं दिसलंच नाय, परत घातलं." मी पलंगावरनं ओरडले, "मंग उघड खिडकी!" आणि तू जी हसायला लागलीस, ती पदर तोंडात कोंबून ओट्यावर जाऊन बसलीस. तेवढ्यावर मला वाटलं, आता ही ऐकते. कुठली ऐकतेस!

मग पेणचा दवाखाना. तू अशी वाळलीस की पलंगावर चादरच पडलीय असं वाटायचं. मी दुपारी पेज घेऊन यायचे. माझ्या जिभेला हाड नाही, तुला ठाऊक आहे. चमचा भरवता भरवता म्हटलं, "बरी होऊन ये, मंग त्या खिडकीचं बघू." उगाच, तुला चिडवायला. तू चिडलीस की तोंडावर जरा रंग यायचा.

तू चिडली नाहीस. चमचा बाजूला सारलास. तुझी ती उरलीसुरली शाळेतली भाषाही गळून पडली होती, आईसारखं बोलायला लागलीस.

"माज्यामुलं बंद झाल्या गो त्या."

मला वाटलं, भ्रम झाला.

"आईनं मूठ दिली, मी तोंडात कोंबली. वाडगं ठेवलं आन तशीच भायेर धावले खेलायला. मुकादमानं माजे गाल बघितले. काय खातेस गो, म्हनला. मी तोंड उघडलं तं पोहेच सांडले." मग म्हणालीस, "आई कुनाला बोलली नाय. मीच दिले, मी पकडली गेले, येवढंच सांगत रायली. सगल्यांच्या घरात कालोख झाला, सुमने. माज्या येका तोंडामुलं."

मी वाटी आपटली. दवाखाना आहे, आजारी माणूस आहे, काही म्हणजे काही सुचलं नाही. "अगो, पोर होतीस तू! भूक लागली म्हणून खाल्लंस! त्यासाठी एवढी वर्षं..." तेवढ्यात नर्स आली आणि तपासायचंय म्हणून मला बाहेर काढलं. परत आत गेले तर तुला झोप लागली होती. त्या झोपेनंतर तू पुन्हा नीट बोललीच नाहीस. अगदी तुझ्या स्वभावाला धरून. माझा नंबर आला की चपला घालायच्या.

मला काय सांगायचं होतं, ते आता ऐक. आता तरी कुठं जाशील?

आई ती गोष्ट मला सांगायची तेव्हा हसायची, बायो. रडत नव्हती, लाजत नव्हती. हसायची! "खिडकी गेली तं गेली, पन पोरांनी गरम गरम पोहे खाल्ले. थंड झाल्यावर काय चव त्यांना?" असं म्हणायची आणि हात वर करून दाखवायची, मूठ कशी आत टाकायची ते. आणि शेजारच्या म्हाताऱ्या काय म्हणायच्या ठाऊक आहे? हिराची मूठ सगळ्यांत मोठी, म्हणून तीच सापडली. हेही हसत. एकीनंसुद्धा आईला बोल लावला नव्हता. सगळ्या वाडीला माहीत होतं की खिडक्या कुणी बुजवल्या. मालकानं बुजवल्या. फक्त तुला वाटत होतं, तू बुजवल्यास. जगाला इतिहास सांगत फिरलीस आणि आपल्या आईला एकदा विचारलं नाहीस. विचारायचं धाडस झालं नसेल, ते कळतं मला. पण मला तरी विचारायचंस ना! मी भिंतीपलीकडं होते!

तू गेल्यावर, सुतक फिटल्यावर, मी रेवतीला म्हटलं, "पोरी, संस्थेला विचार, माझ्या खिडकीला परवानगी मिळेल का." ती बघतच राहिली. म्हणाली, "काकू, परवानगी कधीचीच आहे. मूळ खिडक्या उघडायला आमची हरकत नव्हतीच, आम्हीच सुचवलं होतं. आत्या नको म्हणायच्या."

ऐकलंस? मी इतकी वर्षं संस्थेला शिव्या घातल्या. त्या बिचाऱ्यांच्या चहात मुद्दाम साखर कमी घातली. आणि नियम कुणाचा होता, तर तुझा! मी रेवतीसमोर हसले, मग घरात येऊन रडले, मग पुन्हा चिडले. तुझ्या भावाला विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?" तर म्हणतो, "जाऊ दे गो."

गवंडी आला. विटा काढताना त्याला म्हटलं, हळू काढ. का म्हटलं, कुणास ठाऊक. उजेड आत आला आणि पहिल्यांदा कळलं की माझं स्वयंपाकघर किती काजळलंय. छताला जाळी, भिंतीला धूर, डब्यांवर चिकट थर. घासून घासून माझे खांदे गेले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोघी आल्या, आमचीही उघडा म्हणाल्या. तुझ्या खोलीची मात्र मी तशीच ठेवली होती. मला वाटलं, रविवारी आधी सगळ्यांपुढं खरं सांगते, मग ती उघडते.

काल रविवार होता. भट्टी पेटली होती, पाहुणे आले होते. तू नाहीस म्हणून माहिती सांगायला रेवतीनं मलाच उभं केलं. जोतं सांगितलं, खांब सांगितले, छप्पर सांगितलं. तुझ्यासारखं नाही जमलं, पण जमलं. मग सगळी निघाली आणि दारातल्या पहिल्या बाईनं पदर हातात घेतला.

"थांबा," मी म्हटलं. जरा मोठ्यानंच निघालं. "झाडू नका. ही प्रथा नाही. ही झडती होती."

आणि सगळं सांगितलं. खिडक्या, सूप, मूठ, मुकादम. हिराबाई हे नाव घेऊन सांगितलं. चोर म्हणून नाही, आई म्हणून. तोंड भरून बाहेर धावलेल्या पोरीचंही सांगितलं. ती कोण, ते नाही सांगितलं. तेवढं तुझं राखलं. खरंच वाईट वाटलं त्यांना. तू म्हणायचीस तसंच झालं, आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

मग घाण्यावरनं पाटी मागवली. गरम पोहे. प्रत्येकाच्या हातावर मूठ ठेवली. म्हटलं, "तोंडात कोंबा. सगळे. आणि आता चला बाहेर."

मी आधी बाहेर येऊन उभी राहिले, मुकादम उभा राहायचा तिथंच. त्या अरुंद दारातनं एकेक जण यायला लागला, गाल फुगलेले, कुणाला बोलता येत नव्हतं. एक ताठ चालीची बाई हसायला लागली आणि तिच्या ओठांतनं पोहे सांडले पायरीवर. तिनं घाबरून माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "सांडू दे गो," आणि मलाच रडू फुटलं, सगळ्यांसमोर.

इतका राग आला तुझा, बायो, इतका राग आला! एका भिंतीपलीकडं इतकी वर्षं काढलीस आणि मला एक शब्द बोलली नाहीस. सांगितलं असतंस, तर त्या दारातनं सगळ्यांच्या आधी तुला काढली असती, तोंड भरून.